विशारद आणि संगीतातील पदवी: सारखी वाटणारी दोन वेगळी कागदपत्रे

मराठवाड्यात गाणे किंवा वाद्य शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरांत एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते: "विशारद झालं म्हणजे बी.ए. झाल्यासारखंच आहे." हे वाक्य पूर्णपणे खोटे नाही आणि म्हणूनच ते जास्त अडचणीत टाकते. त्यावर विसंबून बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेशच न घेणारी मुले आढळतात. दुसरीकडे, संगीत विषय घेऊन बी.ए. करतो आहोत म्हणजे गळा आपोआप तयार होईल, असे समजणारीही आढळतात. दोन्ही गैरसमजांची किंमत मुलाच्या वयाच्या अठरा ते पंचवीस या वर्षांत चुकवावी लागते आणि संगीतात ही वर्षे पुन्हा मिळत नाहीत. त्यामुळे या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून नीट पाहणे आवश्यक आहे.

आपल्याकडे विशारद म्हटले की बहुधा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा अभिप्रेत असते. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि घराण्यांच्या चौकटीत राहिलेले गाणे सामान्य घरांतील मुलांसाठी वर्ग, पाठ्यक्रम आणि परीक्षा यांच्या रूपात खुले केले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी या मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा सात परीक्षा पार केल्या की विद्यार्थी विशारद होतो. त्यानंतर अलंकारच्या परीक्षा येतात. गायनाप्रमाणेच तबला, पखवाज, संवादिनी, सतार, कथक अशा अनेक विषयांत ही शिडी उपलब्ध आहे. तालुक्याच्या गावी चालणारा एखाद्या गुरुजींचा किंवा बाईंचा वर्गसुद्धा मुलांना परीक्षेला बसवू शकतो, हे या व्यवस्थेचे मोठेपण आहे. अंबाजोगाई, उदगीर, हिंगोली यांसारख्या गावांत शास्त्रीय संगीताचा जो काही पाया दिसतो, त्याला अशा लहान वर्गांचा मोठा आधार आहे, असे माझे मत आहे.

या परीक्षेत तपासले जाते ते प्रामुख्याने प्रत्यक्ष गाणे किंवा वाजवणे. विद्यार्थी परीक्षकांसमोर बसतो आणि परीक्षक पाठ्यक्रमातला कोणताही राग मागू शकतात. बडा ख्याल (रागाची सावकाश मांडणी असलेला गायनप्रकार) विलंबित म्हणजे संथ लयीत मांडता येतो का, आलापात रागाचे चलन म्हणजे स्वरांची ठरलेली चाल सांभाळली जाते का, ताना तालात बसतात का, दिलेल्या स्वरसमूहावरून राग ओळखता येतो का, हातावर ताल धरून ठेका म्हणजे तालाचे बोल दुगुणीत, दुप्पट वेगाने म्हणता येतात का, हे सारे एकाच बैठकीत कळते. वरच्या टप्प्यावर मंचप्रदर्शनही असते. लेखी भागात रागांची शास्त्रीय माहिती, स्वरलिपी, घराणी आणि ग्रंथकारांचा इतिहास येतो. त्यात देवगिरीच्या यादव दरबारातला शारंगदेव असतो, आणि दौलताबादचा किल्ला लहानपणापासून पाहिलेल्या आपल्या भागातील मुलांना तो याच भूमीवर राहून संगीतशास्त्र लिहीत होता, हे अनेकदा इथेच प्रथम कळते.

पदवीचे स्थान निराळे आहे. भारतात पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने ठरवून दिले आहे. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थाच पदवी देऊ शकतात. आपल्या भागापुरते बोलायचे तर १९५८ मध्ये स्थापन झालेले आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ, तसेच १९९४ मध्ये नांदेडला सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, यांच्या संलग्न महाविद्यालयांतून घेतलेले बी.ए. ही पदवी होय. गांधर्व मंडळ ही नव्वदहून अधिक वर्षे जुनी आणि आदरणीय परीक्षासंस्था आहे, परंतु ते विद्यापीठ नाही. त्यामुळे विशारदचे प्रमाणपत्र कितीही मोलाचे असले तरी कायद्याच्या अर्थाने ती पदवी ठरत नाही.

संगीत घेऊन बी.ए. करताना विद्यार्थी संगीताबरोबर भाषा आणि इतर विषयही शिकतो. सत्र परीक्षा, अंतर्गत गुण, हजेरी, श्रेयांक या सर्वांचा हिशेब असतो आणि संगीताच्या वाट्याला आठवड्यातले काही तासच येतात. शिवाय संगीत विषय घेणाऱ्याने आधी गाणे शिकलेले असावे, अशी अट अनेक ठिकाणी नसते. त्यामुळे एकाच वर्गात मध्यमा पूर्ण झालेली मुलगी आणि प्रथमच 'सा' लावणारा मुलगा शेजारी बसतात. अशा वर्गाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर दोष ठेवण्याचे कारण नाही, कारण त्यांना सर्वांना बरोबर घेऊनच पुढे जावे लागते. मात्र तीन वर्षांच्या या अभ्यासक्रमातून मैफलीचा गवई घडेल अशी अपेक्षा करणे त्या अभ्यासक्रमावरही अन्याय करणारे आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारखी गुरुकुल पद्धतीने शिकवणारी काही केंद्रे याला अपवाद आहेत. तिथे पदवी आणि तालीम एकत्र मिळते, पण प्रवेशासाठी आधीची तयारी लागते आणि मराठवाड्यातल्या घराला पुण्यातल्या राहण्याखाण्याचा खर्चही पेलावा लागतो.

दोन्हींतला फरक खऱ्या अर्थाने उघडा पडतो तो नोकरीच्या जाहिरातीत. नवोदय विद्यालयांच्या संगीत शिक्षकपदाच्या जाहिरातींत संगीतातील पदवीला पर्याय म्हणून बारावीसह विशारद चालेल, असा उल्लेख आलेला आहे. केंद्रीय विद्यालयांच्या प्राथमिक संगीत शिक्षकासाठी बारावी आणि संगीतातील पदवी किंवा समतुल्य अर्हता मागितली जाते. अशा ठिकाणी विशारद उपयोगी पडू शकते, आणि "बी.ए.सारखंच" हे वाक्य बहुधा इथूनच पसरले असावे. पण समतुल्यता ही त्या एका पदापुरती आणि त्या एका विषयापुरती दिलेली सवलत असते. राज्यसेवेच्या परीक्षेला, बँकेच्या भरतीला किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुल्या असलेल्या इतर जागांना तीच मुलगी केवळ विशारदच्या आधारे अर्ज करू शकत नाही. शिवाय जाहिरातीतली अर्हता वेळोवेळी बदलते. म्हणून प्रत्येक वेळी मूळ जाहिरात वाचणे आणि समतुल्य अर्हतेत कोणत्या संस्थेच्या कोणत्या परीक्षेचे नाव आहे ते तपासणे गरजेचे आहे. विशारद हे नाव वापरणाऱ्या परीक्षा इतर संस्थाही घेतात आणि त्या सर्वांना सारखी मान्यता नसते. घाईघाईने एका बैठकीत प्रमाणपत्र हाती ठेवणाऱ्यांपासून पालकांनी दूरच राहावे.

महाविद्यालयात अध्यापक होण्याची इच्छा असेल तर प्रश्न आणखी स्पष्ट होतो. सहायक प्राध्यापकपदासाठी संगीतातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी लागते आणि सोबत नेट किंवा सेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत ५ टक्क्यांची सूट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत नामवंत गुरूंकडे शिकलेल्या आणि आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'अ' श्रेणी असलेल्या कलाकारांसाठी वेगळी वाटही दिलेली आहे. मात्र त्या वाटेवरही पदवी मागितली आहे. म्हणजे आयुष्यभर गायलेल्या माणसालासुद्धा तो कागद टाळता येत नाही.

याच्या अगदी उलट नियम आकाशवाणीच्या स्वरचाचणीचा आहे. परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर केंद्राकडे अर्ज करणाऱ्या गायकाला तुम्ही बी.ए. आहात की विशारद, यावर श्रेणी दिली जात नाही. ती त्याचे गाणे ऐकून दिली जाते. ब, ब उच्च, अ आणि सर्वोच्च अशा या श्रेणींना संगीताच्या जगात स्वतःचे वजन आहे. मैफलीचे आयोजक, ध्वनिमुद्रण करणारे स्टुडिओ, नाटकमंडळी आणि कीर्तनात साथीला बोलावणारे महाराज यांपैकीही कोणी प्रमाणपत्र मागत नाही. ते सूर आणि लय पाहतात. विशारदची तयारी प्रामाणिकपणे केलेली असेल तर तिचा उपयोग इथे होतो, कारण त्या तयारीने बैठक पक्की होते. केवळ परीक्षेपुरते राग पाठ केले असतील तर सात प्रमाणपत्रे असूनही स्वरचाचणीत ते लगेच कळते.

हे पाठांतर कुठून येते, याचाही विचार करायला हवा. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना वाढीव गुण मिळतात. ही योजना चांगली आहे आणि तिच्यामुळे अनेक घरांत प्रथमच तानपुरा आला. पण त्याचबरोबर गुणांपुरत्या परीक्षा द्यायच्या आणि दहावी होताच वर्ग सोडायचा, अशी रीतही पडली आहे. ज्या मुलाला संगीतातच आयुष्य काढायचे आहे, त्याने मध्यमा पूर्णच्या आसपास थांबण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण रागाची खरी उकल तिथून पुढे सुरू होते.

मग निवड कशी करावी? माझ्या मते मराठवाड्यातल्या सर्वसाधारण घरातील मुलामुलींसाठी या दोहोंपैकी एक असा प्रश्न ठेवणेच चुकीचे आहे. ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात, कारण त्यांची वेळापत्रके एकमेकांना फारशी आडवी येत नाहीत. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, त्यामुळे महाविद्यालयाच्या सत्र परीक्षेचा अडथळा येत असेल तर पुढचे सत्र धरता येते. अकरावीत मध्यमा पूर्ण केलेली मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत विशारद सहज होऊ शकते. जवळच्या महाविद्यालयात संगीत विषय चांगला शिकवला जात असेल तर तो घेऊन बी.ए. करावे. तसा नसेल तर मराठी, इतिहास किंवा वाणिज्य शाखेत पदवी घेऊन संध्याकाळी गुरूंकडे तालीम चालू ठेवावी. कोणतीही पदवी आणि सोबत विशारद असेल तर अनेक विद्यापीठांत संगीताच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो. त्यासाठी बी.ए.ला संगीत नव्हते म्हणून खंत करण्याचे कारण नाही. प्रवेशाच्या अटी त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्याव्यात, एवढी काळजी मात्र आवश्यक आहे.

तबला आणि पखवाज वाजवणाऱ्यांना तर हाच मार्ग अधिक सोयीचा ठरतो, कारण आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत संगीत म्हणजे गायन इतकीच व्यवस्था असते. आपल्या भागाला पखवाजाची परंपरा आहे. आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांनी ती देशभर पोहोचवली आणि उद्धवबापूंनी ती पुढे नेली. भजनी मंडळात वाढलेल्या मुलाच्या हातात लय आधीच असते. त्याला विशारदच्या तयारीतून बोलांची शिस्त, लेखन आणि एकल वादनाची मांडणी मिळते. त्याने पदवीसाठी तबला किंवा पखवाज विषय असलेले दूरचे महाविद्यालय शोधत आपला गुरू सोडणे मला योग्य वाटत नाही. गावाजवळ राहून दुसऱ्या विषयात पदवी घ्यावी आणि हात गुरूच्या डोळ्यांसमोर ठेवावा.

पैशाच्या बाजूनेही दोन्हींत फरक आहे. राखीव प्रवर्गांतील मुलांना महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त पदवी अभ्यासक्रमासाठी असते. मंडळाच्या परीक्षांचे शुल्क आणि वर्गाची फी मात्र घरूनच भरावी लागते. प्रत्यक्ष तालमीसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे. ती १८ ते २५ वयोगटातील कलाकारांना दोन वर्षांसाठी दरमहा ५,००० रुपये देते आणि निवड प्रत्यक्ष कला पाहून होते. अर्जदार गुरूंकडे शिकत असणे तिथे महत्त्वाचे मानले जाते. पदवीचे शेवटचे वर्ष आणि विशारद पूर्ण या दोन्ही गोष्टी साधारण याच वयात येतात, म्हणून घरातील थोरांनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच या जाहिरातीकडे लक्ष ठेवावे आणि मुलाच्या गुरूंकडे तिचा विषय वेळेवर काढावा.