मूळव्याध आहे, हे ठरवलं कोणी?

'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज' हे पत्रक न चिकटवलेला विजेचा खांब पुण्यात शोधूनच काढावा लागेल. शौचावाटे रक्त पडलं म्हणजे मूळव्याध, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की डॉक्टरकडे जायच्या आधीच निदान झालेलं असतं. बहुतेकदा ते बरोबरही निघतं. घोळ होतो तो उरलेल्या वेळी.

कोथरूडच्या माझ्या एका मित्राने, वय 46, वर्षभर असं रक्त अंगावर काढलं. रात्री इसबगोल, सकाळी बागेबाहेर गव्हांकुरांचा रस. पोट साफ झाल्यासारखं वाटेना, दिवसातून चार-चारदा जाऊन यावं लागे, त्याचं खापर ऑफिसच्या कँटीनवर. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा हिमोग्लोबिन तपासलं, ते निघालं 8. पुरुषाच्या अंगात लोह कमी पडतंय म्हणजे आधी रक्त कुठे गळतंय ते बघायचं, असं म्हणत डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, लिहून दिली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज, जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला.

वर्ष वाया गेलं हे खरंच, पण ती गाठ वर्षभरातली नव्हती. आतड्याच्या अस्तरात लाखो सूक्ष्म खड्डे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. तळाशी मूळपेशी सतत विभागत असतात आणि नव्या पेशी सरकत्या जिन्यावर उभ्या असल्यागत वर येत येत चार-पाच दिवसांत तोंडाशी गळून पडतात. तळाशी 'विंट' नावाचा रासायनिक संदेश जोरात असतो: विभागा! तो केंद्रकापर्यंत नेतं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन. वर जाताना विंट क्षीण होतो आणि एपीसी हे दुसरं प्रथिन, साथीदारांच्या मदतीने, बीटा-कॅटेनिनची विल्हेवाट लावतं. संदेश पोहोचत नाही, विभाजन थांबतं.

एपीसीच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोन्ही बिघडल्या की बीटा-कॅटेनिन साचतं आणि पेशी वर आली तरी तळाशी असल्यासारखीच विभागत राहते. हा झाला पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला कोंब, अजून कॅन्सर नव्हे. पुढे केआरएएस जनुकातल्या बदलाने वाढीचा हुकूम कायमचा चालू राहतो; मग एसएमएडी4, टीपी53 निकामी होतात आणि बिघडलेल्या पेशीला थोपवणारं कुणी उरत नाही. जनुकं अशी एकामागून एक बिघडत जातात, ही मांडणी एरिक फिअरॉन आणि बर्ट व्होगेलस्टाईन यांनी 1990 मध्ये केली. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. एवढी सवड देणारे कॅन्सर फार नाहीत.

गाठीवरच्या नव्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, मळ घासला की फुटतात. आतड्याच्या उजव्या भागात मळ पातळ असतो, रक्त त्यात मिसळून जातं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. नुसतं हिमोग्लोबिन उतरत राहतं. गाठ गुदाशयात असेल तर रक्त लालभडक, अगदी मूळव्याधीसारखं. त्यात दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. रंग बघून घरी निदान करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' असं सांगणारे नातेवाईक मित्रालाही भेटलेच. एकाने गोमूत्राची बाटलीही पोहोचती केली. मित्राने गाठीसकट आतड्याचा तुकडा काढून घेतला, मग सहा महिने केमो. त्यातल्या ऑक्झालिप्लॅटिनमुळे फ्रिजमधली पाण्याची बाटली धरली तरी बोटांत करंट लागल्यासारखं व्हायचं, म्हणून बायको दूधसुद्धा त्याला काढू देत नसे. ऑपरेशनला आता पाच वर्षं झाली आणि गाठ परत आलेली नाही. पण पहिल्या स्टेजला सापडलेल्यांपैकी दहात नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात, तेव्हा त्याच्या नशिबाचा दाखला कुणी देऊ नये.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीला, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करतात. मित्राच्या हिशोबाने 36. त्याचा धाकटा भाऊ तेव्हा 41 वर्षांचा होता. आदल्या रात्रीच्या जुलाबाच्या औषधाला शिव्या घालत तो गेला. एक छोटा पॉलिप सापडला, तारेच्या फासाने तिथल्या तिथे कापला, संध्याकाळी घरी. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं अडेनोमा, म्हणजे पुढेमागे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीचा पॉलिप. पुढची तपासणी पाच वर्षांनी.