आगळ की अमृत कोकम?

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातून परतणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात आंब्याच्या पेटीखालोखाल हमखास सापडणारी वस्तू म्हणजे गडद लाल द्रवाच्या दोन-चार बाटल्या. या बाटल्या बहुधा जुन्याच, पुन्हा धुऊन वापरलेल्या असतात, त्यांवर चिठ्ठी नसते आणि देणाऱ्याने ‘यात कोकम आहे’ एवढेच सांगितलेले असते. पण कोकम म्हणजे नेमके काय? एका बाटलीत आगळ असते, दुसरीत अमृत कोकम. दोन्ही एकाच फळापासून, एकाच उन्हाळ्यात आणि पुष्कळदा एकाच ओसरीवर तयार होतात. एकीच्या जागी दुसरी वापरली, तर मात्र जेवणाचा बेत बिघडतो.

मूळ फळाचे नाव रातांबा. दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे, त्यालाच भिरंड म्हणतात. लिंबाहून थोडे मोठे, पिकल्यावर लालसर जांभळे होणारे हे फळ मार्चअखेरपासून पाऊस सुरू होईपर्यंत उतरत राहते. ते फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात पाच ते आठ बिया दिसतात. झाड नर आहे की मादी, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. बियांपासून वाढवलेल्या झाडांपैकी निम्मी नर निघण्याची शक्यता असते, म्हणून बागायतदार आता मादी झाडांची कलमे लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, तिचा मोठा गुण असा, की तिची फळे पावसाआधी हाती येतात. हा गुण वाचताना किरकोळ वाटतो, परंतु ज्यांनी जूनच्या पहिल्या सरीत वाळत घातलेली सोले, म्हणजे रातांब्याच्या साली, भिजताना पाहिली आहेत, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता मुख्य फरक. आगळ मिठाचे आहे आणि अमृत कोकम साखरेचे. पिकलेले रातांबे फोडून त्यांना मीठ लावून ठेवले की काही दिवसांत त्यांचा रस सुटतो. तो गाळून घेतला की झाले आगळ. याच खारट रसात साली पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवल्या की आमसुले, म्हणजेच सोले, तयार होतात. अमृत कोकमाची पद्धत निराळी आहे. फळाचे दोन भाग करून आतला गर आणि बिया काढतात, उरलेल्या सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एकावर एक रचतात आणि तोंडाला फडके बांधून बरणी आठवडाभर उन्हात ठेवतात. साखर विरघळत जाते, साली आक्रसतात आणि बरणीत दाट, माणकासारखा पाक साचतो. यात पाण्याचा थेंबही घालावा लागत नाही. मीठ असो वा साखर, दोन्ही सालीतले पाणी बाहेर ओढून घेतात आणि त्याच कारणाने रस नासू देत नाहीत. इथपर्यंत दोघांचा मार्ग एकच आहे. धातूचे भांडे दोन्हींना चालत नाही, कारण रातांब्याचे आम्ल ॲल्युमिनियम आणि तांबे सहज खाते.

दोघांचा रंगही सारखाच, कारण तो एकाच सालीतून उतरतो. हा रंग आम्लात लाल राहतो आणि क्षाराचा स्पर्श झाला की निळसर होतो. रातांबे फोडून झाल्यावर साबणाने हात धुवायला गेले, की बोटांवरचे लाल डाग क्षणात निळे-जांभळे दिसू लागतात. सुट्टीत गावी आलेली मुले ही गंमत पाहण्यासाठी मुद्दाम हात बरबटून घेतात.

रंगावरून ओळख पटत नसेल, तर बाटली आडवी करून पाहावी. आगळ पाण्यासारखे पातळ असते, ते काचेवरून चटकन ओघळते. अमृत कोकम काचेला धरून, रेंगाळत उतरते. एक थेंब बोटांच्या चिमटीत घेतला आणि बोटे चिकटली, तर तो पाक आहे. चव घ्यायचीच असेल, तर थेंबभरच घ्यावी, कारण नुसते आगळ दात आंबवते. विकतच्या बाटलीवर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. त्यात साखर आधी आली, तर नाव काहीही असो, आत पाक आहे असे समजावे. मधुमेह असलेल्यांनी ही यादी अवश्य वाचावी. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी मात्र आगळ जपून वापरावे.

उपयोगाच्या दृष्टीने अमृत कोकमाचे काम एकच आहे, सरबत. एक भाग पाकाला चार-पाच भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड; वैशाखातल्या दुपारी पाहुण्याच्या हाती हा पेला दिला की पुढचे बोलणे सुरू होते. आगळाचा पसारा मोठा आहे. माशाच्या आमटीत, वरणात, सारात ते आमसुलाच्या जागी चालते आणि साखर घातली तर त्याचेही सरबत होते. पण त्याचे खरे स्थान सोलकढीत आहे. ओल्या नारळाचा चव, लसूण आणि हिरवी मिरची वाटून दूध पिळून घ्यावे आणि त्यात चमच्या-चमच्याने आगळ सोडावे. पहिला चमचा पडतो तिथे लाल ठिपका उमटतो, ढवळताच त्याच्या रेषा होतात आणि तिसऱ्या-चौथ्या चमच्याला सगळे दूध अबोलीच्या फुलासारखे दिसू लागते. मीठ त्यानंतर, चव पाहूनच घालावे, कारण आगळ स्वतःचे मीठ घेऊन आलेले असते. सोलकढी चुलीवर ठेवू नये, उकळली की फुटते.

माझी स्वतःची चूक इथेच झाली. आमच्या वाडीतल्या देवळाच्या वार्षिक पूजेचा दिवस होता. दुपारी पंगत आणि रात्री दशावतार, असा बेत होता. मे महिना असल्यामुळे मुंबईकरही आलेले होते आणि पंगत नेहमीच्या दुप्पट झाली होती. पंधरा नारळांचे दूध तयार होते आणि आगळ घालण्याचे काम माझ्याकडे आले. फळीवरची बाटली घेतली आणि उताविळीने निम्मी ओतली. रंग सुरेख आला. काकूने वाटीत घेऊन घोट घेतला आणि म्हणाली, “मेल्या, ह्या आगळ नाय, साकरेचा पाणी हा!” लसूण, मिरची, नारळ आणि साखरेचा पाक यांची जी चव होते, तिचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. खरे आगळ आणून ओतले, मीठ वाढवले, तरी गोडी हटली नाही.

ही चूक उलट झाली असती, तर निभावले असते, असे माझे मत आहे. सरबतात चुकून आगळ पडले, तर पाणी आणि साखर वाढवता येते. त्यातला खारटपणा घाम गाळून आलेल्या माणसाला उलट बरा वाटतो. सोलकढीत पडलेली साखर मात्र कोणत्याही उपायाने बाहेर काढता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा सोलकढीसाठी बाटली उघडूच नये, पाच-सहा आमसुले कोमट पाण्यात भिजत घालावीत आणि तासाभराने चोळून ते पाणी वापरावे. रंग थोडा फिका येईल, पण चव चुकणार नाही.

त्या दिवशी ती कढी वाढलीच नाही. पंगतीला ताक गेले. संध्याकाळी, दशावताराचा रंगमंच बांधताना उरलेली सुतळी काकूने मागून घेतली आणि घरातल्या आगळाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याशी तिचे दोन वेढे घालून गाठ मारली. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज वरचेवर जाते. आता अंधारातही फळीवर हात फिरवला की गाठ लागते.