स्पीकरची वायर: जाडी बघा, धातू नको

चांदीच्या केबलने ‘वरचे सूर मोकळे होतात’, तांब्याचा आवाज ‘उबदार’ लागतो, नवी केबल शंभर तास वाजवून ‘मुरवावी’ लागते. घरी चांगली ऑडिओ सिस्टिम लावायचं मनात आलं की ही भाषा कानावर पडतेच. यातल्या बहुतेक दाव्यांना काही आधार नाही. पण म्हणून ‘कुठलीही वायर चालते’ हेही खरं नाही. स्पीकरच्या वायरने आवाज बदलू शकतो, आणि तो का बदलतो हे शाळेतल्या ओहमच्या नियमावरून कळतं.

अ‍ॅम्प्लिफायर, वायर आणि स्पीकर एकसर, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. अ‍ॅम्प्लिफायरने दिलेलं विभवांतर (व्होल्टेज) वायर आणि स्पीकर यांच्यात ज्याच्या त्याच्या रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं. वायरच्या वाट्याला गेलं ते वाया. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम छापलेलं असतं, म्हणून तो रोध कायम तेवढाच राहील असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तोच स्पीकर एका वारंवारतेला ५ ओहम, तर खर्जातल्या एखाद्या जागी ३० ओहमसुद्धा भरू शकतो.

हे ३० ओहम येतात कुठून, हा मला या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो. स्पीकरच्या शंकूमागे तारेचं वेटोळं चुंबकीय क्षेत्रात बसवलेलं असतं. त्यातून करंट गेला की वेटोळं हलतं, त्याबरोबर शंकू हलतो. पण चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेत विभवांतर तयार होतं, हेही आपण शिकलेलो असतो. म्हणजे स्पीकर ज्या क्षणी मोटर असतो, त्याच क्षणी जनरेटरही असतो! आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे हे नवं विभवांतर मूळ विभवांतराला विरोध करतं. शंकूचं वजन आणि त्याला धरून ठेवणाऱ्या कडेची लवचीकता यांवरून त्याची एक नैसर्गिक वारंवारता ठरते. त्या सुरावर शंकू थोड्याशा धक्क्यानेही भरपूर हलतो. हालचाल वाढली की विरोधी विभवांतर वाढतं, करंट जेमतेम वाहतो, आणि बाहेरून मोजणाऱ्याला रोध वाढलेला दिसतो.

आता यात बारीक वायर घाला. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं लागतं. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या तारेत त्याचा रोध सुमारे ०.८६ ओहम होतो. जिथे स्पीकर ५ ओहम आहे तिथे जवळपास १५ टक्के विभवांतर वायरीतच जातं, जिथे ३० ओहम आहे तिथे ३ टक्क्यांहूनही कमी. सगळा आवाज सारखाच उतरला असता तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. इथे सुरासुरांतला तोल बदलतो, एक डेसिबलहून थोडा जास्त, आणि तो लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतो. अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर रोध ०.०७ ओहमवर येतो आणि तोलातला फरक साधारण ०.१ डेसिबल उरतो. तो ऐकू येत नाही. चांदी तांब्यापेक्षा साधारण ५ टक्के चांगली वाहक आहे, म्हणजे तेवढाच फायदा किंचित जाड तांब्यातून मिळतो.

‘जाड केबलने बास घट्ट होतो’ या दाव्याचं मूळही इथेच आहे. सूर थांबल्यावर शंकू झुलत राहतो, त्याच्या जनरेटरचा करंट सर्किटमधून फिरतो आणि त्यालाच ब्रेक लावतो. रोध जितका कमी तितका ब्रेक चांगला, हे बरोबर. पण त्याच वाटेत वेटोळ्याचा स्वतःचा सुमारे ६ ओहम रोध बसलेला आहे. त्यापुढे वायरीचा रोध ०.०७ वरून ०.०१ करून काय साधणार?

प्लेअरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच्या केबलचं गणित वेगळं आहे. तिथे पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरचा रोध दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे वायरीचा रोध नगण्य. तिथे शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं वेष्टन, चांगली हवी आणि पिना घट्ट बसायला हव्यात. सतत घुमल्यासारखा आवाज येत असेल तर बहुधा तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने तयार झालेलं वेटोळं. महाग केबलने तो जात नाही. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर लावून पाहावीत, अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. अपवाद रेकॉर्ड प्लेअरचा. त्याच्या सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचं इंडक्टन्स (वेटोळ्याचा बदलत्या करंटला होणारा विरोध) ५०० मिलिहेन्री आणि केबलसकट एकूण धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ३०० पिकोफॅरड असेल, तर दोन्हींचा मिळून अनुनाद, म्हणजे ज्या वारंवारतेला आवाज उठून येतो ती जागा, १३ किलोहर्ट्झवर येतो. धारिता १५० असेल तर १८ वर. इथे आखूड, कमी धारितेची केबल खरोखर फरक पाडते. डिजिटल केबल खराब असेल तर आवाज तुटतो, खरखरतो. सूर ‘मंद’ होत नाहीत.

स्पीकरच्या केबलवर दिशेचे बाण छापून विकणं, तिच्याखाली चिनी मातीचे ठोकळे ठेवणं, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. संगीताचा करंट सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला बाण कसला? जादूगार आणि भोंदू दाव्यांची पोल खोलणारे जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये महागड्या स्पीकर केबलमधला फरक केबल न बघता, नुसत्या कानाने ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते कुणी जिंकले नाहीत.

त्यापेक्षा वायरीच्या टोकांकडे लक्ष द्या. सेंटिमीटरभर सोलून सगळे धागे घट्ट पिळा. एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो. तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर तेवढं कापून नवं टोक सोला. आणि दोन्ही स्पीकरना लाल-काळं सारखंच जोडलंय ना, ते तपासा. एकाचं उलटं झालं तर एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, खर्ज एकमेकांत विरून जातो आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायकाचा आवाज खोलीभर पसरतो.