एसडी कॅमेऱ्यावरील वाइडस्क्रीन चित्रीकरण

४:३ (रुंदी : उंची) चौकटीसाठी बनवलेल्या स्टँडर्ड डेफिनिशन (एसडी) व्हिडिओ कॅमेऱ्याने १६:९ चौकटीतले दृश्य टिपण्याच्या पद्धती. १९९५ मध्ये डीव्ही, म्हणजे टेपवर डिजिटल नोंद करणारे कॅमेरे बाजारात आले तेव्हा बहुतेक दूरचित्रवाणी संच ४:३ चेच होते. पुढे रुंद पडद्यांचा प्रसार झाला आणि हातातल्या कॅमेऱ्यातून रुंद चित्र कसे काढायचे, हा प्रश्न उभा राहिला. जुन्या कॅमेऱ्यांच्या खास पोतासाठी आजही ते वापरणाऱ्यांना तो पडतोच.

अडचण टेपची नसते. पाल आणि एनटीएससी या दूरचित्रवाणीच्या दोन पद्धती. पालमध्ये फ्रेम ७२० × ५७६ पिक्सेलची, एनटीएससी डीव्हीत ७२० × ४८० ची; चौकट ४:३ असो वा १६:९, हे आकडे बदलत नाहीत. बदलतो तो पिक्सेलचा आकार. पालमध्ये ४:३ चा पिक्सेल उंचीच्या सुमारे १.०९ पट रुंद, तर १६:९ चा सुमारे १.४६ पट रुंद धरला जातो. कॅमेरा चित्रासोबत तशी खूण नोंदवतो आणि ती वाचून संच चित्र आडवे ताणतो. म्हणजे टेपवर रुंद चित्राला पूर्ण जागा आहे. ती भरेल इतका तपशील सेन्सरकडून येतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

४:३ आकाराच्या सीसीडीतून (कॅमेऱ्यातल्या सेन्सरमधून) १६:९ चा पट्टा कापला की उंचीचा पाव भाग जातो. पालमध्ये ५७६ पैकी ४३२ रेषा उरतात, एनटीएससीत ४८० पैकी ३६०. कॅमेऱ्याच्या मेनूतला वाइडस्क्रीनचा पर्याय बहुधा एवढेच करतो. लेटरबॉक्स प्रकारात वर-खाली काळ्या पट्ट्या चित्रातच नोंदल्या जातात. असे चित्रण रुंद संचावर तसेच लावले तर चारही बाजूंनी काळी चौकट येते. दुसऱ्या प्रकारात उरलेल्या रेषा ताणून पूर्ण फ्रेम भरली जाते. चित्र इंटरलेस्ड असल्यास, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन फील्डांत नोंदली जात असल्यास, हे प्रत्येक फील्डवर स्वतंत्रपणे करावे लागते, २१६ रेषांच्या २८८ होतात आणि तिरप्या कडा दातेरी दिसू लागतात. नवा तपशील मात्र एका रेषेचाही मिळत नाही.

आपल्या कॅमेऱ्यात काय घडते हे ओळखणे सोपे आहे. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा, झूम न हलवता वाइडस्क्रीन सुरू करावे आणि चौकटीच्या कडा पाहाव्यात. डाव्या-उजव्या बाजूंना आधी न दिसणारे दृश्य आले, तर सेन्सरचा जास्त रुंद भाग वापरला जातो आहे. बाजू तशाच राहून फक्त वरचे-खालचे दृश्य गेले, तर ती निव्वळ कापणी. कॅमेरा विकत घेताना मेनूत पर्याय आहे एवढ्यावर न थांबता ही चाचणी करावीच. २००४ च्या कॅनन एक्सएल२ मध्ये खरी रुंदी मिळते: त्याच्या सीसीडीवर १६:९ साठी आडवे ९६० पिक्सेल वापरले जातात आणि ४:३ साठी त्यातले मधले ७२०.

सेन्सर ४:३ चाच असेल, तर पूर्ण उभा तपशील राखणारा मार्ग एकच, ॲनामॉर्फिक ॲडाप्टर. भिंगापुढे बसवलेले हे दंडगोलीय भिंग दृश्य आडवे १.३३ पट आकसते. १६:९ हे गुणोत्तर ४:३ चा वर्ग आहे, म्हणूनच हा आकडा नेमका बसतो. १९५३ पासूनच्या सिनेमास्कोपमध्ये हीच युक्ती दुप्पट आकसण्यासाठी वापरली गेली. पॅनासॉनिकने डीव्हीएक्स१०० साठी एजी-एलए७२०० हा असा ॲडाप्टर काढला होता. व्ह्यूफाइंडरमध्ये माणसे उंच आणि किडकिडीत दिसतात. त्याची डोळ्यांना सवय व्हावी लागते. ॲडाप्टर किंचित जरी फिरला तरी सरळ रेषा कलतात. लांब झूमवर उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी स्पष्ट होत नाहीत. त्यामुळे झूमचा रुंद टप्पा हेच त्याचे खरे कार्यक्षेत्र. कॅमेऱ्याला ॲडाप्टरचा पत्ता नसल्याने टेपवर खूण ४:३ चीच राहते आणि संपादनाच्या वेळी १६:९ हे गुणोत्तर हाताने द्यावे लागते.

ॲडाप्टर नसेल तर बरेच जण ४:३ मध्ये पूर्ण फ्रेम चित्रित करून नंतर कापतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर वर-खाली साडेबारा टक्के उंचीच्या चिकटपट्ट्या लावल्या की रचना नीट साधते, आणि डोक्यावरची जागा चुकली तरी संपादनात चौकट वर-खाली सरकवता येते. घाईच्या, पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगांसाठी हीच पद्धत निवडावी. मात्र डीव्हीचा डेटा दर सेकंदाला २५ मेगाबिट एवढाच बांधलेला असतो आणि त्यातला काही टाकून द्यायच्या भागावर खर्च होतो. कॅमेऱ्यातली ताणण्याची क्रिया टेपवर नोंद होण्याआधीच घडते, त्यामुळे ती चांगल्या दर्जाची असेल तर चित्र किंचित स्वच्छ मिळू शकते.

इंटरलेस्ड चित्र संपादनात सरकवताना सम संख्येच्या रेषांनीच सरकवावे. विषम संख्येने सरकवल्यास फील्डांचा क्रम उलटतो आणि हालचाल थरथरते. त्याचा आकार बदलायचा असेल तर आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे फील्डांपासून पूर्ण फ्रेम तयार कराव्यात. चौरस पिक्सेलच्या पडद्यासाठी पालची रुंद फ्रेम साधारण १०२४ × ५७६ आणि एनटीएससीची ८५४ × ४८० अशी काढतात.