एका दिवसात ४,२७३ पक्षी : भरतपूरच्या मोठ्या शिकारींची पार्श्वभूमी

भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात शिवमंदिराजवळ दगडी पाट्या उभ्या आहेत. त्यांच्यावर शिकारींच्या नोंदी कोरल्या आहेत : तारीख, कोणाच्या सन्मानार्थ, पक्षी किती, बंदुका किती. सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा आहे. त्या दिवशी तत्कालीन व्हाइसरॉयसाठी शिकार ठेवली होती आणि ४,२७३ पक्षी पडले. बंदुका चाळीसच्या आसपास होत्या, म्हणजे माणशी सुमारे शंभर बदकं. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांतही हा आकडा चार हजारांच्या पुढे गेला होता, त्यामुळे १९३८ ची शिकार एखाद्या वर्षीचा अतिरेक होता असं म्हणता येत नाही. ती एक बसलेली पद्धत होती, आणि पाहुणा जितका बडा तितका आकडा मोठा असावा ही त्या पद्धतीतली अपेक्षा होती.

पाटीवरचा आकडा हा हाती लागलेल्या पक्ष्यांचा आहे, मेलेल्या पक्ष्यांचा नव्हे. छर्‍याच्या बंदुकीतून एका बारात शंभरावर बारीक गोळ्या पसरत जातात. थव्यात बार टाकला की एक बदक पडतं आणि शेजारची दोन-तीन पंखात, पोटात छर्रे घेऊन उडत राहतात. काही दूर जाऊन पाण्यात उतरतात, पाणवनस्पतींत शिरतात आणि दोन-चार दिवसांनी मरतात. कोल्ह्या-तरसांच्या वाट्याला जातात ती वेगळीच. पाण्यात उतरून पडलेले पक्षी गोळा करणाऱ्या माणसांना जे सापडले तेवढेच मोजले गेले. मोठ्या शिकारींवर लिहिताना बहुतेक जण ४,२७३ हा आकडा देऊन पुढे जातात. माझ्या मते नैतिकतेचा प्रश्न त्या आकड्याच्या बाहेर राहिलेल्या पक्ष्यांपासूनच सुरू होतो. शिकारीचा सगळ्यात जुना नियम जखमी जनावर सोडून जायचं नाही हा आहे, आणि दिवसाला चार हजार पक्षी पाडायचे म्हटले तर तो नियम पाळणं शक्यच नसतं.

घना हे निसर्गतः तयार झालेलं सरोवर नाही. अठराव्या शतकात अजान बांध घातला गेला, गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी तिथे अडू लागलं, आणि सखल भागात पावसाळ्यानंतर ओल टिकू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने तिथे मुद्दाम बदकांच्या शिकारीसाठी छोटे बांध, दरवाजे आणि पाण्याचे कप्पे पाडले. १९०२ पासून बड्या पाहुण्यांच्या शिकारी सुरू झाल्या. ही रचना फार विचारपूर्वक केलेली होती. चक्रांग, थापट्या, तलवार बदक असे हजारो पाहुणे पक्षी ऑक्टोबरपासून उतरत. आसपासच्या कोरड्या मुलखात त्यांना दुसरं एवढं मोठं, सुरक्षित पाणी नसे. एका कप्प्यातून उठवलेला थवा लांब न जाता फिरून दुसऱ्या कप्प्यावर येई, आणि तिथे बांधावरच्या लपणांत बंदुका तयार असत. मागे उभा असलेला माणूस भरलेली दुसरी बंदूक हातात देत राही. हाकारे पाण्यातून थवे पुन्हा उठवत. शिकार दिवसभर चाले.

हे सगळं शक्य झालं ते बंदुकीमुळे. ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिकारी पायी फिरून, पक्षी उठवून, एकेक बार टाकत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरायची दुनळी आली, मग रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी आली, धूर न होणारी दारू आली. इंग्लंडमध्ये पक्षी हाकून बंदुकांवर आणायची पद्धत रूढ झाली आणि आकड्यांची चढाओढ लागली. तिथल्या एका उमरावाच्या आयुष्यभराच्या नोंदींची बेरीज साडेपाच लाखांच्या वर जाते. १८ डिसेंबर १९१३ रोजी बकिंगहॅमशायरमधल्या हॉल बार्न इस्टेटीवर ३,९३७ फेझंट पडले, त्यातले हजाराहून अधिक एकट्या राजाने पाडले. परतताना आज आपण जरा जास्तच केलं, असं राजा बोलला, असं त्याच्या मुलाने पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. हॉल बार्नचे फेझंट शिकारीसाठीच वाढवून सोडलेले होते. भरतपूरची बदकं रानटी होती, मध्य आशिया आणि सायबेरियातून आलेली होती. दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे असले तरी हा फरक लहान नाही.

बिकानेर संस्थानातलं गजनेर याच काळातलं. तिथला मान बदकांना नव्हता, पखुर्डीच्या (सँडग्राऊसच्या) कुळातल्या एका थोराड पक्ष्याला होता. हे पक्षी कोरडे दाणे खातात, त्यामुळे सकाळी पाण्यावर आल्याशिवाय त्यांचं भागत नाही. शिकारीच्या आधी आसपासच्या पाणवठ्यांवर माणसं बसवली जात, पक्ष्यांना तिथे उतरू दिलं जात नसे, म्हणजे तहानलेले थवे गजनेरच्याच तलावावर येत. १९०५ मध्ये इंग्लंडचा युवराजही तिथे शिकारीला आला होता. शिकारी लोक आपल्या छंदाच्या समर्थनात नेहमी म्हणत की पक्ष्याला निसटायची संधी मिळते, म्हणून तो खेळ आहे. गजनेरला ती संधी आदल्या दिवसापासूनच काढून घेतलेली होती. भरतपूरला ती पाण्याच्या रचनेतूनच कमी केलेली होती.

कायदे होते, पण या आकड्यांना ते लागू नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८७ आणि १९१२ मध्ये वन्य पक्षी संरक्षणाचे कायदे झाले. त्यांचा भर विणीच्या हंगामावर होता आणि संस्थानांत ते चालत नव्हते. संस्थानात किती पाडायचं हे महाराज ठरवत. शिकाऱ्यांची स्वतःची आचारसंहिता होती : बसलेल्या पक्ष्यावर बार टाकू नये, विणीच्या दिवसांत शिकार करू नये, शेजारच्या बंदुकीच्या टप्प्यातला पक्षी घेऊ नये. यातला एकही नियम एकूण किती, याबद्दल बोलत नाही.

आकड्याबद्दल बोलायचं तर महाराष्ट्रातलं एक उदाहरण इथे आणायला हवं, कारण ते भरतपूरच्या बरोबर उलट आहे. १८०९ ते १८२९ या काळात एका इंग्रज शिकाऱ्याने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगरात) ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. वीस वर्षांत ९६१, म्हणजे वर्षाला पन्नाससुद्धा नाहीत. घनात एवढी बदकं दोनेक तासांत पडत असतील. पण बदकाची मादी एका विणीत आठ-दहा अंडी घालते आणि माळढोकची मादी बहुधा एकच. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि माळढोकसाठी राखलेलं सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य जवळपास रिकामं झालं आहे. त्याला पुढच्या काळातल्या शेतीचा, विजेच्या तारांचा, कुत्र्यांचाही हात लागला आहे. तरी कोणती शिकार मोठी, हे एका दिवसाच्या बेरजेवर ठरत नाही. ‘बदकं तर लाखांनी येतात’ असं सांगून १९३८ चं समर्थन करणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे. तो त्यांना द्यायलाच हवा.

सगळ्यात जास्त वाद व्हायला हवा होता आणि सगळ्यात कमी झाला, तो १९५६ च्या निर्णयावर.

संस्थान विलीन झालं तेव्हा घनाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांची मागणी सरळ होती : जमीन लागवडीला द्या, पाणी शेतीला सोडा. पिढ्यानपिढ्या महाराजांच्या पाहुण्यांसाठी राखलेलं पाणी स्वातंत्र्यानंतर तरी आपल्याला मिळावं, यात चुकीचं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला देशातले आघाडीचे पक्षीतज्ज्ञ होते. त्यांनी थेट पंतप्रधानांपर्यंत शब्द टाकला आणि घना वाचलं. १९५६ मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मात्र महाराजांचा शिकारीचा हक्क कायम ठेवला गेला. अभयारण्यही राहिलं आणि त्यात बंदुकाही राहिल्या. त्या दगडी पाट्यांवरच्या शेवटच्या नोंदी स्वतंत्र भारतातल्या आहेत. शेवटची मोठी शिकार १९६४ ची, आणि हक्क संपला तो १९७२ मध्ये.

या तडजोडीच्या बाजूने बोलणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली, शिकार नसती तर सरोवरच नसतं. दुसरी, महाराजांचा रस टिकला म्हणून राखणदार टिकले आणि चोरटी शिकार, लाकूडतोड आटोक्यात राहिली. तिसरी, हक्क काढून घेण्याचा आग्रह धरला असता तर सगळाच व्यवहार फिसकटला असता आणि घनात आज गहू उभा असता. तिसरी गोष्ट मला पटते. त्या काळच्या पक्षीतज्ज्ञांपैकी बरेच जण स्वतः बंदूक चालवणारे होते. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेच्या पायाभरणीतही शिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. हक्क राहू द्या, पण पाणी राखा, हा हिशेब त्यांना व्यवहारी वाटला असणार, आणि पाणी राखलं गेलं हे खरंच आहे.

पहिल्या गोष्टीशी मात्र मी सहमत नाही. सरोवर शिकारीसाठी बांधलं गेलं हा इतिहास आहे. त्यावरून शिकारीने ते वाचवलं असं सिद्ध होत नाही. १९५६ मध्ये ते वाचलं ते पंतप्रधानांच्या शब्दाने आणि सरकारी अधिसूचनेने, बंदुकीने नव्हे. आणि या वाचवण्याची किंमत कोणी मोजली? ज्यांना जमीन आणि पाणी नाकारलं गेलं त्यांना, पक्षी फार मोलाचे आहेत म्हणून सोसा, असं सांगितलं गेलं. मग त्याच पाण्यावर, त्याच पक्ष्यांवर, सरकारच्या संमतीने बार उडत राहिले. एखाद्या गावकऱ्याने तिथे दोन बदकं फासात धरली असती तर तो गुन्हेगार ठरला असता. सोळा वर्षं ही व्यवस्था चालली. संरक्षित क्षेत्र म्हणजे साहेबांची राखीव जागा, हा समज आपल्याकडे घट्ट बसला त्याची अनेक कारणं आहेत. त्यात घनाचा हा कालखंड मोजला गेला पाहिजे, आणि तो सहसा मोजला जात नाही.

याच सोळा वर्षांत तिथे दुसरं काम चालू होतं. साठच्या दशकात घनात पक्ष्यांना वाळे घालण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. बिहारचे मीरशिकार, म्हणजे पिढीजात पक्षी धरणारे लोक, जाळ्यांनी आणि फासांनी बदकं जिवंत धरत. त्यांच्या पायात ॲल्युमिनियमचं क्रमांक घातलेलं वाळं चढवलं जाई, वजन-माप होई आणि पक्षी सोडला जाई. त्यातली काही वाळी पुढे सोव्हिएत संघात, सायबेरियात सापडली. मोठ्या शिकारींचा प्रश्न या वाळ्यांनी बदलून टाकला. घनातलं बदक हे भरतपूरचं उरलं नाही. ते अर्ध्या आशियाचं होतं, वाटेवरच्या प्रत्येक देशात त्याच्यावर बंदुका रोखलेल्या होत्या, आणि एका तळ्यावरच्या दिवसाचा हिशेब बाकीच्या सगळ्या तळ्यांचा हिशेब माहीत असल्याशिवाय लागत नव्हता. अमेरिका आणि कॅनडाने हे अर्धशतक आधीच ओळखलं होतं. कॅनडात १९१७ च्या आणि अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानंतर माणशी दिवसाला किती, याची मर्यादा देशपातळीवरून ठरू लागली.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी लगेच सगळं थांबलं असं नाही. त्या कायद्यात परवान्याने शिकार करायची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढली गेली. घनाला १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. मधल्या काळात, १९८२ मध्ये, उद्यानातली गुराचराई बंद केली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढच्या अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं आणि बदकांना मोकळं पाणी कमी पडू लागलं. बंदुकांना सोळा वर्षं सवलत देणाऱ्या व्यवस्थेने म्हशींना मुदत दिली नाही.

त्यानंतरचं मोठं प्रकरण नागालँडचं. २०१२ च्या हिवाळ्यात दोयांग जलाशयावर अमूर ससाणे जाळ्यांनी धरले जात असल्याचं उघड झालं. त्या एका हंगामातल्या पक्ष्यांचा अंदाज सव्वा लाखाच्या आसपास होता. जगभर संताप झाला. गावसभांनी स्वतः बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी शिकार थांबली. विक्रीसाठी, पोटासाठी पक्षी धरणाऱ्या गावांनी वर्षभरात जे केलं, ते करायला भरतपूरच्या पाहुण्यांना सत्तर वर्षं लागली. ही तुलना मला अन्यायाची वाटत नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद अजून चालू आहे. तिथे दरवर्षी काही कोटी फेझंट आणि तितर शिकारीसाठी वाढवून सोडले जातात. एका दिवसाचे शेकड्यांतले आकडे व्यापारी शिकारीत रोजचेच झाले आहेत, आणि इतकं मांस खाणार कोण, असं आता शिकारीही आपापसात विचारतात. शिशाच्या छर्‍यांवर बंधनं येत आहेत, कारण तळाच्या चिखलातले छर्रे खडे समजून गिळणारी बदकं विषबाधेने मरतात. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिसं १९९१ पासूनच बंद आहे. घनात १९०२ ते १९६४ या काळात उडालेल्या बारांचे छर्रे त्याच पाण्यात पडले होते. आता त्या पाण्याची वेगळीच ओढाताण आहे. गंभीर नदीवरच्या पांचना धरणानंतर घनाला पाणी पुरेनासं झालं. काही वर्षं तळी कोरडी राहिली, आणि आता चंबळचं पाणी नळाने आणून भागवावं लागतं.