मालवणची बेटे

मालवणची बेटे : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यालगतचा खडकाळ बेटांचा समूह. मालवण बंदरासमोरचे, सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर आहे ते कुरटे बेट, त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये असलेले पद्मगड, भोवतालचे भरतीत बुडणारे व ओहोटीत उघडे पडणारे खडक, आणि दक्षिणेकडे खुल्या समुद्रातला निवती रॉक्स किंवा वेंगुर्ला रॉक्स या नावांनी ओळखला जाणारा ओसाड बेटांचा पुंजका, एवढ्यांचा विचार या नोंदीत केला आहे. कोल्हापुरात मात्र या सगळ्याला एकच शब्द पुरतो : ‘मालवण’.

कोल्हापूर शहर हवाई अंतराने समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तरी इथले पाणी त्या समुद्राला जात नाही. गगनबावड्याच्या धारेअलीकडे पडलेला पाऊस कुंभीतून पंचगंगेला, पंचगंगेतून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला जातो. समुद्राकडे जातात ती माणसे, आणि त्यालाच इथे ‘कोकणात उतरणे’ म्हणतात. उतरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत : राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट आणि कणकवली; गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडी; वेंगुर्ल्याला जायचे तर आजऱ्यावरून आंबोली. याच घाटांनी एकेकाळी इथला गूळ खाली जाई आणि मीठ, सुकी मासळी, आमसुले वर येत.

हा संबंध केवळ सहलीचा किंवा व्यापाराचा नाही. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यात होते, म्हणजे आज कोरडा वाटणाऱ्या कोल्हापूरला स्वतःचा किनारा आणि स्वतःचे आरमार होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी तह करून तो कोल्हापूरला परत केला. त्या वेळी करवीरचा कारभार महाराणी जिजाबाई पाहत होत्या. (नावामुळे गोंधळ होतो; या शिवरायांच्या मातोश्री नव्हेत, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या राणी.) १८१२ च्या तहाने मात्र मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. फोंड्याहून खाली उतरणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की आपण आपल्याच जुन्या मुलखात चाललो आहोत.

कुरटे बेटावरच्या किल्ल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या उपस्थितीत बांधकामाचा मुहूर्त झाला. पूजेची जागा किनाऱ्यावर आजही दाखवतात, तिला ‘मोरयाचा धोंडा’ म्हणतात. क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. खाऱ्या पाण्याने चहूबाजूंनी वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि निसर्गाच्या दृष्टीने किल्ल्यातली सर्वांत नवलाची गोष्ट कदाचित हीच. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे आणि पन्हाळाही आहे.

बहुतेक पर्यटक होडीने किल्ल्यात जातात, तासाभरात परत येतात आणि जेवायला बसतात. बेट पाहायचे राहूनच जाते. बेट तटाच्या आत नाही, तटाबाहेर आहे, आणि तेही दिवसातून दोनदाच नीट दिसते : ओहोटीला. पाणी मागे सरले, की खडकांवरचे थर उलगडतात. वरच्या, बराच वेळ कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात खडकाला घट्ट चिकटलेले बारीक शंखशिंपले. त्याखाली कालवांची धारदार कवचे. यांवर अनवाणी पाय ठेवणाऱ्याला ती जागा जन्मभर लक्षात राहते. आणखी खाली, जिथे पाणी क्वचितच पूर्ण हटते तिथे, शेवाळ, खेकडे, समुद्रफुले आणि डबक्यांत अडकलेली माशांची पिल्ले. हे सारे काही फूट उंचीच्या फरकात बसलेले असते. कोण किती वेळ उन्हात तग धरतो, यावर प्रत्येकाचा मजला ठरतो.

म्हणून मालवणला घड्याळ पाहून निघू नये, तिथी पाहून निघावे. कोकणातला जुना आडाखा सोपा आहे : तिथीच्या अंकाला तीनाने गुणून चाराने भागले, की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते : पाणी चढते जास्त आणि उतरतेही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फारसे हलत नाही. खडक पाहायचे तर उधाणाची ओहोटी गाठावी. पोटभर ओहोटीत पद्मगडावर पाण्यातून चालत जाता येते. पण परतीची वेळ आधी ठरवून, आणि स्थानिक माणसाला विचारून. भरती मागून येते, पुढून नाही, ही गोष्ट घाटावरच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली नसते. आडाखा ढोबळच आहे, हेही विसरू नये.

पाण्याखालचे जग वेगळेच. महाराष्ट्रात प्रवाळ फार थोड्या ठिकाणी आहेत, आणि मालवण हे त्यांतले सर्वांत परिचित. १९८७ मध्ये इथल्या २९.१२२ चौ. किमी. क्षेत्राला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पद्मगड त्याच्या ३.१८२ चौ. किमी. गाभ्यात येतो. मासेमारीवर गदा येईल या भीतीने गावकऱ्यांनी अभयारण्याला विरोध केला. तो अडाणीपणा नव्हता, पोटाचा प्रश्न होता. इथले प्रवाळ चित्रफितींत दिसतात तसे रंगीबेरंगी बागेसारखे नसतात. गढूळ पाण्यात जगायला शिकलेले, गोटे आणि ताटांसारख्या आकारांचे, तपकिरी-हिरवट असे असतात. पाण्यात दोन-चार हात खालचे दिसायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. बोटीतून उतरलेल्या माणसाला दम खायला प्रवाळावर उभे करणे आणि मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकणे, या दोन्ही प्रथा थांबायला हव्यात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे; पायाखाली मोडलेला तुकडा भरून यायला वर्षे लागतात. ज्यांना नीट शिकायचे आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून विकला जातो. २००४ च्या त्सुनामीत तो वर आला, असे बोटवाले सांगतात. नदीच्या मुखाशी वाळूचे बांध होतात, सरकतात आणि बुडतात, हे मात्र त्सुनामीशिवायही घडते.

खरे रानटी बेट पाहायचे तर निवतीकडे जावे लागते. निवती रॉक्सवर वस्ती नाही, दीपगृह आहे. होडी लावणे समुद्राच्या मर्जीवर. तिथल्या कपारींत आणि गुहेत पाकोळ्यांची एक जात घरटी करते. ती घरटी लाळेची असतात, परदेशात त्यांचे सूप करतात, आणि त्यामुळे इथे चोरीही होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने स्थानिकांना सोबत घेऊन या घरट्यांच्या रक्षणाचे काम उभे केले. खडकांवर सुरय जातीचे समुद्रपक्षीही वीण घालतात, म्हणून विणीच्या काळात बेटावर न उतरता होडीतूनच पाहावे. वाटेत कुबडे डॉल्फिन दिसण्याचा संभव बराच असतो. होडीने त्यांचा पाठलाग केला की ते बुडी मारतात, इंजिन बंद करून थांबले की पुष्कळदा स्वतःहून जवळ येतात. २०१५ मध्ये याच जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळ कुणकेश्वरच्या बाजूला निळ्या देवमाशांची नोंद झाली आहे. नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉक्सजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजनाही आहे, आणि त्यासाठी ती २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आली.

पावसाळ्यात हे सारे बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि प्रवासी होड्याही किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो, त्यानंतर समुद्र हळूहळू निवळतो. त्या वेळी कोल्हापूरकर गगनबावड्याच्या धुक्यात मक्याचे कणीस खात उभा असतो, आणि तिथून पुढे घाट उतरायचा की नाही, याचा निर्णय बहुधा गाडीत किती पेट्रोल आहे यावर होतो.