‘टेरर ट्वायलाइट’: २३ वर्षांनी बदललेला क्रम

एप्रिल २०२२मध्ये मॅटाडोर रेकॉर्ड्सने पेव्हमेंट या अमेरिकन बँडचा १९९९चा ‘टेरर ट्वायलाइट’ हा अल्बम चार एलपींच्या (म्हणजे मोठ्या तबकड्यांच्या) संचात पुन्हा काढला. ४५ ट्रॅक, त्यांतले २८ आधी कधीच बाहेर न आलेले. घरी केलेले कच्चे डेमो, तालमी, अर्धवट सोडलेले प्रयत्न, मैफिलींतली रेकॉर्डिंग, म्हणजे अशा संचांत नेहमी असतो तो सगळा ऐवज यात आहे. पण खरी बातमी वेगळीच होती. मूळ अल्बममधल्या गाण्यांचा क्रमच या तबकड्यांवर बदलला होता.

स्टीफन मॅल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग या दोघांनी १९८९मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावात बँड सुरू केला. १९९२चा पहिला अल्बम त्यांचे तेव्हाचे ड्रमर गॅरी यंग यांच्या घरच्या स्टुडिओत झाला. तो खरखरीत, सैलसर आवाज हीच पुढे त्यांची ओळख बनली. १९९७पर्यंत चार अल्बम झाले आणि पाचव्यासाठी, म्हणजे ‘टेरर ट्वायलाइट’साठी, निर्माता म्हणून निवड झाली नायजेल गॉडरिच यांची. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा ‘ओके कम्प्युटर’ हा अल्बम नुकताच त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. ढिसाळपणातच गोडी असलेल्या बँडला इतका काटेकोर निर्माता मिळावा, ही जोडी मला आजही अजब वाटते.

तोवर बँडचे पाच जण अमेरिकेत वेगवेगळ्या गावी पांगले होते. गॉडरिचबरोबरची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये सॉनिक यूथ या बँडच्या स्टुडिओत झाली, शेवटचं काम लंडनमध्ये. काही गाण्यांवर ड्रम वाजवायला बाहेरून डॉमिनिक मर्कॉट यांना बोलावलं गेलं. रेडिओहेडच्या जॉनी ग्रीनवुड यांनी दोन गाण्यांत हार्मोनिका वाजवली. कॅनबर्गचं मात्र एकही गाणं अल्बममध्ये आलं नाही, आणि पेव्हमेंटच्या बाबतीत असं याच एका अल्बममध्ये घडलं. २० नोव्हेंबर १९९९ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत मॅल्कमसने माइकच्या स्टँडला बेड्या लटकवल्या आणि इतकी वर्षं बँडमध्ये असणं म्हणजे काय ते हेच, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. त्यानंतर बँड थांबला, पुनर्मीलनाला २०१० उजाडलं.

२००२ ते २००८ या काळात मॅटाडोरने पहिले चारही अल्बम वाढवून पुन्हा काढले. पाचवा तेवढा राहिला. दरम्यान बाजार पालटला. २०२०मध्ये अमेरिकेत एलपींची कमाई १९८६नंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त झाली. त्याच सुमारास ‘हार्नेस युअर होप्स’ हे १९९९च्या ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या संग्रहावर) बाजूला पडलेलं गाणं स्पॉटिफायवर पेव्हमेंटचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं होऊन बसलं. उरलंसुरलं म्हणून ठेवलेल्या मालालाही गिऱ्हाईक असतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा रेकॉर्ड कंपनीला कुठून मिळणार?

आता क्रमाचं. १९९९मध्ये अल्बम ‘स्पिट ऑन अ स्ट्रेंजर’ या हळुवार गाण्याने सुरू व्हायचा. गॉडरिचच्या मनात होतं ते नेमकं उलट: सुरुवातीलाच ‘प्लॅटफॉर्म ब्लूज’, मग अंधारी, जडशीळ ‘द हेक्स’, आणि ‘स्पिट ऑन अ स्ट्रेंजर’ अगदी शेवटी. तेव्हा ते मान्य झालं नाही, २०२२च्या तबकड्यांवर मात्र तोच क्रम आला. स्ट्रीमिंगवर कोणीही हवं ते गाणं आधी लावतो, त्यामुळे तिथे या वादाला फारसा अर्थ उरत नाही. तबकडीवर मात्र सुई ठेवली की बाजू संपेपर्यंत ऐकणारा सहसा उठत नाही. शिवाय सुई आत सरकत जाते तसा खोबणीतला वेग कमी होतो आणि वरचे, टोकदार स्वर मंदावतात. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं टाकण्याचा प्रघात जुना आहे. गॉडरिचचा शेवट त्यात चपखल बसतो.

माझं मत विचाराल तर नवा क्रम जास्त प्रामाणिक आहे. मोडायला आलेला बँड त्यात पहिल्याच गाण्यापासून ऐकू येतो. पण पेव्हमेंट कधीच न ऐकलेल्या माणसाला मी १९९९चाच क्रम देईन. ‘प्लॅटफॉर्म ब्लूज’ने सुरुवात केली तर तो दुसऱ्या गाण्यापर्यंत थांबेल याची खात्री नाही.